सगळ्यात वरची ओळ

नऊ दाबलं, एन्टर दाबलं, आणि स्क्रीनवरची सगळ्यात वरची ओळ गेली. लोड उतरायला लागला, अठरा, चौदा, नऊ. मला वाटलं सुटले बाई. तेवढ्यात ऑफिसातले सगळे फोन एकदम वाजायला लागले.

नारायणगुड्यात लहानसं ऑफिस आहे आमचं, रक्त तपासणाऱ्या लॅबांचे सर्व्हर सांभाळतात. मी झाडू-पोछ्याला लागले होते. शाळा नववीतच सुटलेली. सर्व्हर बघणारे अण्णा तेलुगू, मला अम्मा म्हणायचे. त्यांनीच शिकवलं, पोछा झाला की इथं बसायचं, दर अर्ध्या तासाला लोड वहीत लिहायचा. म्हणाले, समज मशीनमधे चार चुली आहेत. लोड चार म्हणजे चारींवर भांडी. आठ म्हणजे अजून चार भांडी ताटकळत उभी. दहाच्या वर गेला की मला फोन कर, तू हात लावू नको.

हौ, पाठ होतं मला. पण आदल्या हप्त्यात मी फोन केला आणि लोड आपोआप उतरला. ऑफिसचे मोठे सर सगळ्यांसमोर म्हणाले, "अम्माचा फोन आला, बघा कुठं दूध उतू गेलं." सगळे हसले. मी पण हसले.

त्या दिवशी अण्णा आईला गाडीत बसवायला नामपल्ली स्टेशनला गेलेले. मला आकडे दिसावे म्हणून आपली स्क्रीन उघडी ठेवून गेले. साडेअकराला अठरा. तीनदा फोन लावला, उचलला नाही. सर केबिनमधेच होते, पण परत हसतील म्हणून गेले नाही. अण्णांना कितीदा बघितलेलं, एखादं काम अडकलं की के दाबायचं, त्या कामाच्या ओळीचा नंबर टाकायचा, मग नऊ, की ते काम बंद, मशीन शांत. मला वाटलं, जी वर आहे तीच जास्त खातेय, तीच चोर.

ती डेटाबेसची ओळ होती, सगळ्या लॅबांचे रिपोर्ट जिथं साठतात त्याची. सगळ्यांचं काम तीच करते म्हणून रोजच वर असते. रोज बघत होते मी, कधी विचारलं नाही. सकाळचे रिपोर्ट अर्धे गेले. उपाशीपोटी रक्त देऊन गेलेल्यांना परत बोलवलं, लेकरं पण. माझ्या पोरीचं रक्त काढलं होतं तेव्हा ती कशी रडली, ते कानात यायला लागलं.

अण्णा आले, स्क्रीन बघितली, मग माझं तोंड. सरांनी विचारलं, कोणी केलं.

"मैंच किया सर," अण्णा म्हणाले.

तारनाक्याला शेजारणीकडं दोन वर्षांची पोर ठेवलेली, घरात कमावणारी मी एकटी. मी वहीत बघत राहिले. संध्याकाळी अण्णांना कामावरून काढलं. जाताना एवढंच म्हणाले, "अम्मा, लिहीत जा."

लिहिते. त्या दिवसाची साडेअकराची ओळ तेवढी कोरी आहे. अण्णांचा नंबर अजून फोनमधे आहे, लावायची हिंमत होत नाही. तुम्ही असता माझ्या जागी, पोर घरी, सर समोर, तर बोलला असता का?