उपाशी टाकीला बुंदी

बसा, चहा घ्या. आधीच सांगतो, या किश्श्यात एकच मूर्ख आहे आणि तोच तुमचा चहा ओततोय.

माझी ताई माशांच्या यकृतावर पीएचडी करत होती. मी राजू, मार्केट यार्डात टेम्पो चालवतो. अक्कल वाटताना रांगेत पुढे कोण होतं, ते कळलंच असेल.

गेल्या महिन्यात ताई गेली. डेंगी. चार दिवसांत. तेराव्याला धायरीच्या घरी पंगती बसल्या. 'पोरगी फार गुणी हो' म्हणत नातेवाईक तिसऱ्यांदा बुंदी मागत होते. अजून थांबलो असतो, तर कुणाच्या तरी डोक्यात पातेलं घातलं असतं. तेवढ्यात आठवलं, ताईचे मासे! तिच्या तेराव्याला तेच उपाशी?

डबाभर बुंदी घेऊन थेट तिच्या प्रयोगशाळेत गेलो. दोन टाक्या. एकीतल्या चिलापी गुबगुबीत, दुसरीतल्या पार वाळलेल्या. वर ताईच्या अक्षरात पाटी : 'कृपया खायला घालू नये.' पुण्यात पाट्या वाचायच्या असतात, पाळायच्या थोड्याच! ओतली बुंदी. काय तुटून पडल्या हो! मी आपला रडतोय आणि म्हणतोय, "सावकाश गं, सावकाश."

"अहो, आपण काय करताय?" मागे ताईच्या मॅडम.

"तेरावा आहे ना, मॅडम. उपाशी होत्या."

"मुद्दाम ठेवल्या होत्या! यकृताच्या पेशींत बारीक इंजिनं असतात. अन्न नसलं की ती साठलेली चरबी चक्रात फिरवून ऊर्जा काढतात. किती काढतात, ते उद्या मोजायचं होतं. तिच्या प्रबंधातलं शेवटचं काम. आणि आपण साखर घातलीत?"

"साजूक तुपातली आहे, मॅडम."

त्यांनी माझ्या हातातला डबा काढून घेतला.

"म्हणजे डिझेलच्या गाडीत पेट्रोल भरलं मी?"

"कळलं आपल्याला. वा. डबा रिकामा झाल्यावर कळलं."

"ताईचं काम बुडालं?"

"नाही. पुन्हा पहिल्यापासून उपास. मग मी मोजेन. तिच्याच नावाने."

"मग पहाऱ्याला मी बसतो, मॅडम. एक शीत आत जाऊ देणार नाही!"

"आपण? आधी ती पाटी पूर्ण वाचा."

वाकून वाचली. खाली बारीक अक्षरात दुसरी ओळ होती : 'राजू, हे तुलाही लागू. तुलाच.'

आता दुसऱ्या ओळीपर्यंत वाचायची सवय असती, तर मी दहावी पास नसतो झालो?