वाणाची परतफेड

बुंदेली मुलखातल्या आमच्या शहरात, दतिया गेटजवळच्या आमच्या मराठी वस्तीच्या गल्लीत यंदाच्या रथसप्तमीला शेजारच्या भाभीजींनी हळदीकुंकू केलं. त्या मराठी नव्हत्या. मोठ गावाकडच्या शेतकरी घरातल्या, बुंदेली बोलणाऱ्या. महिन्याभराने त्या कायमच्या मोठला परत गेल्या.

काही दिलं की अस्वस्थ होणारी माणसं तुम्हीही पाहिली असतील. त्या शेजारी राहायला आल्या तेव्हा संक्रांतीला माझ्या बायकोने त्यांना वाण म्हणून चहाची गाळणी दिली. दुसऱ्या सकाळी आमच्या दारात मटारची गोणी.

"हम लै कें बैठ नईं सकत," भाभीजी म्हणाल्या. नुसतं घेऊन बसणं त्यांना जमत नव्हतं.

पुढच्या वर्षी साबणदाणी गेली, गुळाची ढेप आली. गल्लीतल्या सगळ्या मराठी घरांचा हाच अनुभव. बायका वाण लहान करत गेल्या. परतफेड लहान झाली नाही.

यंदा त्यांचं जायचं ठरल्यावर बायकोने अखेर सांगितलं, "भाभीजी, इस बार कुछ मत लाना. वाण लौटाते नहीं. देनेवाले को पुण्य मिलता है."

भाभीजींनी कमरेवर हात ठेवले. "काए बिन्नू, इत्ते साल सें सबरो पुन्न तुमईं लै रई हतीं?" बिन्नू म्हणजे धाकटी बहीण; तिने इतकी वर्षं सगळं पुण्य एकटीनेच लाटलं, ही त्यांची तक्रार.

त्याच संध्याकाळी त्यांनी गल्लीत आणि गल्लीबाहेरच्या ओळखीच्या मराठी घरीही आमंत्रण दिलं. जाण्यापूर्वी एकदा तरी आपण द्यायचं आणि समोरच्याने नुसतं घ्यायचं, एवढंच त्यांना हवं होतं. मग बायका येतील की नाही, हे चार दिवस त्या बायकोला विचारत राहिल्या, "आहैं कि नईं?"

सगळ्या आल्या. प्रत्येकीच्या हातात पिशवी होती. भाभीजी दार अडवून उभ्या राहिल्या.

"झोला बाहर."

"ये वाण नहीं है, बिदाई है," कोपऱ्यावरच्या काकू म्हणाल्या.

"बिदाई मोठ आ कें दियो. आज हमाई बारी है."

माझ्या बायकोने पदराखाली डबा लपवला होता. तोही निघाला. पायरीवर पिशव्यांची रांग लागली आणि आत हसण्याचा गलका.

भाभीजींनी हळद आधी की कुंकू, हे एकदा विचारून घेतलं आणि प्रत्येकीच्या हाती बांबूचं नवं कोरं सूप ठेवलं. स्कूटरवर मागे बसलेल्या बायका सुपं छातीशी धरून गल्लीतून गेल्या. वाटेतला भाजीवाला गाडी थांबवून पाहत राहिला.

शेवटची पाहुणी निघाल्यावर भाभीजी बाहेर आल्या. कुणी गुपचूप काही ठेवून तर गेलं नाही ना, म्हणून त्यांनी पायरी पाहिली, दारामागे पाहिलं, तुळशीच्या कुंडीमागेही पाहिलं. एकही पिशवी मागे राहिलेली नव्हती.