आत्याच्या नावाची सही

माझी आत्या दोन वर्षांची असताना तिला पोलिओ झाला. हे सांगताना आमच्याकडे लोक आवाज खाली आणतात. आत्या आणत नाही. कुणी फारच हळहळलं तर ती म्हणते, "पाय बंद हायेत, बाकी दुकान चालू हाय." दुकान म्हणजे आमच्या दिग्रसच्या घरातली पुढची खोली. तिथे ती हाताने फिरवायच्या मशीनवर ब्लाउज शिवते. आमच्या भागातल्या निम्म्या बायका तिच्या मापाने श्वास घेतात.

आत्याला लोक उचलतात. मतदानाला उचलतात, बँकेच्या पायऱ्यांवर उचलतात, लग्नाचा हॉल वरच्या मजल्यावर असला की व्हीलचेअरसकट उचलतात. तिला कुणी विचारत नाही. उचलून झाल्यावर हात झटकतात आणि तिच्याकडे न बघता माझ्या बाबांना सांगतात, "काहीच वजन नाही." हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आले आहे. बोलणाऱ्याच्या चेहऱ्यावर दर वेळी तेच समाधान असतं, देवळात दान टाकून बाहेर आल्यासारखं.

आमच्यापासून गाडीने तासाभरावर एका टेकडीवर उद्यान आहे. आजूबाजूला सागाचं जंगल, आणि अगदी टोकाला एक कठडा. तिथून खाली नदीचं वळण दिसतं. आमच्या घरातल्या प्रत्येकाचा त्या कठड्याला टेकून काढलेला फोटो आहे. माझे तर पाच आहेत. आत्याचा एकही नाही. आम्ही सगळे वर जायचो तेव्हा ती खाली जीपमध्ये डबे आणि चपला सांभाळत बसायची. उतरून आलो की म्हणायची, "कसं दिसलं?" आणि आम्ही "मस्त" म्हणून डबे उघडायचो.

मागच्या हिवाळ्यात बाबांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर त्या उद्यानाचा एक फोटो आला. चकचकीत स्टीलच्या दांड्यांचा नवा रॅम्प, आणि खाली लिहिलेलं, दिव्यांग पर्यटकांना आता टोकापर्यंत विनाअडथळा जाता येईल, खास स्वच्छतागृहही आहे. आत्याने फोटो दोन बोटांनी मोठा केला आणि बराच वेळ बघत राहिली.

"थेट टोकापर्यंत जाता येते म्हनते?" तिने मला विचारलं.

"असं लिहिलंय तरी."

"मंग येते मी. पन मले कोनी उचलायचं नाही. आपल्या हातानं जाईन. तुह्या बापाले सांगून ठेव."

मी सांगितलं. बाबा म्हणाले, "हो हो." आणि मग ते जे नेहमी करतात तेच त्यांनी केलं. ते तालुक्याच्या कचेरीतून निवृत्त झालेले कारकून. आधी फोन गेल्याशिवाय जगात काही होत नाही, अशी त्यांची ठाम समजूत आहे. त्यांनी ओळखीतून उद्यानाच्या व्यवस्थापकाला फोन केला आणि माझी दिव्यांग बहीण रविवारी येत आहे, जरा बघून घ्या, असं सांगितलं. आत्याची अट त्या फोनमध्ये नव्हती.

आम्ही पोचलो तेव्हा व्यवस्थापक आणि तीन माणसं गेटवर उभी होती. आत्याच्या हातात गुलाबाचं फूल दिलं गेलं. रॅम्पच्या पायथ्याशी लावलेली मोटरसायकल एकाने घाईघाईने ढकलत बाजूला नेली.

आत्याने आपली चाकं फिरवत रॅम्पजवळ खुर्ची नेली आणि थांबली. पर्समधून टेप काढला. "हे टोक धर," ती मला म्हणाली. मी वाकून धरलं. उंची अडीच फूट. लांबी सात फूट.

"दादा, हे पाह्य," ती बाबांना म्हणाली. "एका फुटाले बारा फूट लांबी लागते. अडीचले तीस झाले. हे सातच हाय. हा रॅम्प नाही, घसरगुंडी हाय."

हे तिला पक्कं माहीत होतं, कारण आमच्या दारातला उतार तिने गवंड्याशी भांडून तीनदा तोडायला लावला होता.

व्यवस्थापक हसला. "ताई, आम्हाला ब्लाउज नाही शिवायचा."

तिघेही हसले. बाबाही हसले.

"असा ब्लाउज शिवला असता, तं गिऱ्हाइकानं माह्या तोंडावर फेकून मारला असता," आत्या म्हणाली.

आता कुणी हसलं नाही. व्यवस्थापकाने माणसांकडे बघितलं. "अरे, बघता काय? उचला."

"नाही. थांबा. नको म्हनलं ना!"

दोघांनी मागून खुर्चीला हात घातला होता, तिसऱ्याने समोरून. खुर्ची मागे कलली. आत्याने दोन्ही हातांनी खुर्चीचे हात गच्च धरले, आणि तिच्या साडीच्या निऱ्या पायांवरून वर सरकल्या. पाय झाकण्यावर तिचा किती कटाक्ष असतो, ते घरातल्या सगळ्यांना ठाऊक आहे. झोपतानासुद्धा ती पायांवर चादर ओढून घेते. निऱ्या खाली ओढायला तिच्याकडे हात उरला नव्हता. आणि व्यवस्थापक मोबाइल समोर धरून म्हणत होता, "इकडे बघा ताई. थोडं हसा."

मी टेपचं टोक धरून तशीच उभी होते. माझ्या शाळेत मराठी बोललं की दंड व्हायचा. तेव्हापासून प्रत्येक वाक्य आधी मनात जुळवून बघायची आणि मगच तोंड उघडायची सवय मला लागली. वाक्य तयार होईपर्यंत विषय संपलेला असतो. लोकांना वाटतं पोरीला इंग्रजी शाळेचा गर्व आहे. त्या दिवशीही माझं वाक्य तयार झालं, तोवर आत्या वर पोचली होती आणि माणसं हात झटकत होती.

"वजन काहीच नाही," एक जण बाबांना म्हणाला.

वर काय होतं? टाइल लावलेला एक ओटा. ओट्यापुढे सैल खडी, आणि खडीच्या पुढे बत्तीस पायऱ्या. त्या मी मोजल्या. कठडा त्या पायऱ्यांच्या शेवटी. ओट्यावरून दिसत होती पाण्याची टाकी आणि स्वच्छतागृहाची मागची भिंत.

"पुढचं काम प्रस्तावित आहे," व्यवस्थापक म्हणाला.

आत्याने निऱ्या नीट केल्या आणि हळू आवाजात मला म्हणाली, "चाल, बाथरूमले तं जाऊन येऊ." तिने सकाळपासून फक्त अर्धा कप चहा घेतला होता. बाहेर जायचं असलं की ती आदल्या रात्रीपासून पाणी पिणं बंद करते. घरातल्या पुरुषांना हे माहीतही नसेल. त्या खास स्वच्छतागृहाला कुलूप होतं. किल्ली ज्याच्याकडे, तो सुट्टीवर. मी खिडकीतून डोकावले. आत खराटे होते, चुन्याची पोती होती, आणि प्लास्टिकचं वेष्टनसुद्धा न काढलेली कोरी व्हीलचेअर होती.

मी आत्याला ते सांगितलं. "मंजे खराट्याची सोय केली," ती म्हणाली. "चांगलं हाय. खराटा तक्रार करत नाही."

मग त्या माणसांनी सुचवलं की पायऱ्यांवरूनही उचलून नेतो, ताईंचा कठड्यावर एक फोटो काढू. आत्या म्हणाली, "मले खाली सोडा." खाली यायला पुन्हा त्याच सहा हातांची गरज होती. तिने डोळे मिटून घेतले. तिच्याशेजारून उतरताना बाबा दबक्या आवाजात म्हणाले, "एवढे लोकं तुह्यासाठी करून राह्यले, जरा गोड बोलली तं काय जाते तुह्यं?"

तिला गाडीत बसवून आम्ही दोघं ऑफिसात गेलो, कारण व्यवस्थापकाने चहाला बोलावलं होतं. ऑफिसला तीन पायऱ्या. टेबलावर एक कोरं रजिस्टर होतं, दिव्यांग पर्यटक भेट नोंदवही. मार्चअखेर तपासणी होती आणि वहीत एकही नोंद नव्हती. फोटो मिळालाच होता. आता अभिप्राय आणि सही हवी होती.

"ताईंना त्रास देऊ का?" त्याने विचारलं.

"तिला कशाला त्रास?" बाबा म्हणाले. कचेरीतल्या माणसांशी बोलताना त्यांची भाषा शुद्ध होते. त्यांनी खिशातलं पेन काढलं आणि त्यांच्या सुरेख अक्षरात लिहिलं, "रॅम्पची सोय उत्तम आहे. कर्मचाऱ्यांच्या सहकार्याने टोकापर्यंत विनासायास जाता आले. आभारी आहे." खाली आत्याचं नाव लिहिलं. नावावर स्वतःची सही केली आणि बाजूला बारीक अक्षरात लिहिलं, करिता.

कचेरीत ही रीत आहे. साहेब जागेवर नसले की हाताखालचा माणूस साहेबांच्या पदनामावर "करिता" लिहून स्वतः सही करतो आणि कागद पुढे सरकतो. बाबांनी नोकरीभर अशा सह्या केल्या. आणि घरी येऊन आत्यासाठीही केल्या. गॅसचा अर्ज, रेशनचा अर्ज, बँकेचं पत्र. आत्या दहावी पास आहे. तिचं अक्षर कुणालाही वाचता येतं. तरीही.

"बाबा, आत्या बाहेरच आहे," मी म्हणाले. तेवढंच जमलं.

"माहीत आहे. म्हणून तर करिता लिहिलं."

त्यांना हे प्रामाणिक उत्तर वाटत होतं, आणि माझा खरा संताप तिथे सुरू झाला. व्यवस्थापक खोटं बोलत होता आणि आपण खोटं बोलतोय हे त्याला माहीत होतं. बाबांना माहीत नव्हतं.

गाडीपाशी आलो. आत्याने काच खाली केली. "काय लिहून राह्यला होता, दादा?"

"काही नाही. नोंद."

तिने माझ्याकडे बघितलं.

"त्यांनी तुझ्या नावाने सही केली," मी म्हणाले. "तू टोकापर्यंत गेलीस असं लिहिलंय. आभार मानलेत."

बाबा माझ्याकडे असे बघत राहिले, जणू मी भर रस्त्यात त्यांचा खिसा उलटा केला. आत्या म्हणाली, "वही आन."

मी ऑफिसात परत गेले. व्यवस्थापक बिस्किट खात होता. "रजिस्टर बाहेर नेता येत नाही, मॅडम. नियम आहे."

"मग ती आत कशी येणार?"

त्याने तीन पायऱ्यांकडे बघितलं. त्याला खरंच अडचण दिसली नाही. "आम्ही आणतो ना उचलून!"

मी टेबलावरून वही उचलली आणि चालायला लागले. मागून "ओ मॅडम, ओ!" चालू होतं. वही छातीशी धरून मी तिन्ही पायऱ्या उतरले.

आत्याने ती मांडीवर घेतली. बाबांचा मजकूर दोनदा वाचला. मग त्यावर एकच रेघ मारली. पुरतं खोडायचं नाही का, मी विचारलं. "नाही. कोनं काय लिहिलं होतं ते वाचता आलं पाहिजे." खाली तिने लिहिलं, "मी टोकापर्यंत गेले नाही. नको म्हणत असताना मला उचलण्यात आले. स्वच्छतागृहाला कुलूप होते. वरील सही माझी नाही." आणि सही केली.

"ताई, पहिलंच पान खराब केलं तुम्ही," व्यवस्थापक म्हणाला. त्याच्या आवाजात खरंखुरं दुःख होतं.

"आता फोटो काढून टाक. माह्यासमोर. मोबाइलातल्या कचऱ्याच्या डब्यातून बी."

त्याने बाबांकडे बघितलं. बाबा गाडीच्या पलीकडच्या बाजूला जाऊन उभे होते. त्याने फोटो काढून टाकले. एकूण अकरा होते.

परतीच्या वाटेवर बाबा एकदाच बोलले. "ओळखीच्या मानसापुढं माही इज्जत काढली तुम्ही दोघींनी."

"माही तं त्यानं मोबाइलमध्ये काढली होती," आत्या म्हणाली. "तू हसत होता. आन आयक, यापुढं माह्या नावावर काही लिहायचं नाही. बँकेत बी नाही, कुठीच नाही. मी मेली नाही अजून."

चार दिवस घरात कुणी कुणाशी धड बोललं नाही. पाचव्या दिवशी आत्याने मला बसवून जिल्ह्याच्या कचेरीला तक्रारअर्ज लिहायला घेतला. ती सांगत होती, मी टाइप करत होते. रॅम्पची मापं, खडी, बत्तीस पायऱ्या, कुलूप, ऑफिसच्या तीन पायऱ्या. बाबा मागे येऊन उभे राहिले. मला वाटलं आता अडवतील. ते म्हणाले, "विषय नाही लिहिला. असा अर्ज कोनी वाचतही नाही." मग त्यांनीच विषय सांगितला, प्रत कुणाकुणाला जायला हवी ते सांगितलं, मापांसाठी वेगळा तक्ता करायला लावला. अर्ज छापून आणला तेव्हा तो आत्याच्या मशीनवर ठेवून ते निघून गेले. सहीची जागा कोरी होती.

यावरून मी बाबांना माफ केलं असं कुणी समजू नये. त्यांनी विषय सुचवला, माफी मागितली नाही.

अर्जाची पोच आली, उत्तर आलेलं नाही. मी त्या कचेरीत दोनदा फोन केला. पहिल्यांदा सांगितलं, साहेब दौऱ्यावर आहेत. दुसऱ्यांदा फोन उचलणाऱ्या बाईने विचारलं, "तुम्ही स्वतः दिव्यांग आहात का?" मी नाही म्हणाले. "मग तुम्हाला काय त्रास झाला?"

शेजारची एक मुलगी मध्यंतरी तिकडे सहलीला जाऊन आली. मी तिला ती वही बघायला सांगितलं होतं. तिथे आता नवं रजिस्टर आहे. पहिल्या पानावर कुणाचा तरी उत्तम अभिप्राय आहे, नावाखाली अंगठा आहे. जुनं कुठे गेलं ते कुणाला माहीत नाही. कठड्यावर तिने स्वतःचा फोटो काढला होता. तिच्या मोबाइलवर आत्याने तो बघितला, मोठा केला, आणि फोटोतल्या मुलीला बोटाने बाजूला सारून मागची नदी शोधत राहिली. फोटोत नदी धड आली नव्हती.