साडेपाचची खुर्ची

आमच्या समोरच्या काकांइतका भविष्यात राहिलेला माणूस अख्ख्या पनवेलमध्ये दुसरा झाला नसेल. नवीन पनवेलच्या आमच्या बिल्डिंगीत त्यांचं शरीर तेवढं असायचं, जीव कायम पुढच्या आठवड्यात. लग्नाला गेले की चपला रस्त्याकडे तोंड करून काढायचे, पळायला बऱ्या. एसटीत संकटकाळी बाहेर पडायच्या खिडकीशीच बसायचे आणि ती उघडते ना, हे कंडक्टरला आधी विचारून घ्यायचे. न्हावा शेव्याकडे कंटेनरचे ट्रेलर धावू लागले तेव्हा हादऱ्याने फुटतील म्हणून त्यांनी घरातल्या काचेच्या बरण्या जमिनीवर आणून ठेवल्या, आणि मग त्यांना पाय लागेल म्हणून स्वतःच्या घरात चोरासारखे चालू लागले. मुलीच्या, नीलाच्या, दहावीच्या निकालाला त्यांनी दोन भाषणं तयार ठेवली होती, एक पासाचं, एक नापासाचं. ती पहिल्या वर्गात आली. काका हातात पेढ्यांचा पुडा घेऊन घोगऱ्या आवाजात म्हणाले, "खचायचं नाही, पोरी."

हसण्यासारखं होतं तोवर आम्ही हसलो. पण बारावीनंतर नीलाला पुण्याला नर्सिंगला प्रवेश मिळाला, आणि काकांनी घाट, ब्रेक आणि होस्टेलची आमटी यांची नावं घेऊन नाही म्हटलं. नीलाने वाद घातला नाही. ती बोलायचीच थांबली. तेव्हा काकांना समजाव म्हणून काकू माझ्याकडे आल्या. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली, त्यात बी.ए.ला मानसशास्त्राचा एक पेपर घेतलेला; काकूंच्या लेखी मी निम्मी डॉक्टर. मी स्पष्ट सांगितलं की त्या पेपराने मला एवढंच कळतं, हे माझं काम नाही. मला स्वतःला कॉलेजात धाडताना माझा बाप म्हणाला होता, "जा तू. आमाला तिथलं काय ठावं नाय." ज्याला पुढचं काही ठाऊक नव्हतं त्याने लेकीला सोडलं, आणि ज्याला पुढचं सगळं ठाऊक होतं त्याला सोडवत नव्हतं.

जुन्या पनवेलमधल्या एका धर्मादाय दवाखान्यात समुपदेशन करणाऱ्या बाई बसायच्या. गोळी नाही, इंजेक्शन नाही, नुसतं बोलायचं. तिकडे जायला काका तयार झाले, कारण न गेल्यास काय होईल याची त्यांना जास्त भीती वाटली. आदल्या दिवशी जाऊन ते खुर्ची बघून आले, आणि "आत चक्कर आली तर?" म्हणून दर वेळी मलाही आत बसवायचे. बाई फारसं बोलत नसत. काका भीती सांगायचे, की त्या विचारायच्या, "आणि मग?" मग तिसऱ्या भेटीत त्यांनी एक उपाय दिला. दिवसभर आलेली काळजी बाजूला ठेवायची आणि रोज संध्याकाळी साडेपाच ते सहा एका जागी बसून मनसोक्त करायची.

काकांनी तो सरकारी हुकमासारखा पाळला. गॅलरीत खुर्ची, शेजारी गजराचं घड्याळ. काकू सकाळी म्हणाल्या की गॅस संपत आलाय, तर उत्तर यायचं, "साडेपाचला." पाहुण्यांना म्हणायचे, "बसा, एवढी काळजी आटोपून आलोच." पुढे पुढे संध्याकाळपर्यंत निम्म्या काळज्या आपोआप विरून जायच्या. तेव्हा त्यांचा चेहरा काहीतरी हरवल्यासारखा व्हायचा. मला म्हणाले, "सकाळी एक चांगली मोठी होती गं. कुठे गेली कोण जाणे."

पुण्याची मात्र विरेना. शेवटी बाईंनी ती टोकापर्यंत बोलायला लावली. काका नेहमी घाटातच थांबायचे. त्या दिवशी "आणि मग?" करत गाडी घाट चढली, ब्रेक लागले, आमटी पचली, नीला पास झाली, मोठ्या हॉस्पिटलात लागली.

"आणि मग?"

"मग तिला आमची गरज नाही," काका म्हणाले.

बाईंनी पुढे काही विचारलं नाही. घरी येताना रिक्षात काका एवढंच म्हणाले की पोरीची ट्रंक जुनी आहे, नवी घ्यायला हवी.

जायच्या दिवशी स्टँडवर आम्ही अर्थातच आधीच्या दोन गाड्या सुटताना पाहिल्या. पुण्याची गाडी लागली, नीला बसली. काकांनी मागच्या टायरकडे निरखून पाहिलं आणि तोंड उघडलं. खिडकीतून नीला म्हणाली, "बाबा, साडेपाचला."

काकांनी तोंड मिटलं. गाडी हलताना खिडकीची दांडी धरून दोन पावलं चालले आणि म्हणाले, "खचायचं नाही, पोरी." या वेळी भाषण चुकलं नव्हतं. ते कुणासाठी होतं, हे मात्र मी विचारलं नाही.

संध्याकाळी मी गॅलरीत त्यांच्याजवळ जाऊन बसले. घाट कधीच मागे पडला असणार. काका रस्त्याकडे बघत होते. मी म्हटलं, काका, वेळ चाललीय, करून घ्या काळजी.

"काळजी मी ओळखतो गं," ते म्हणाले. "ही ती नाही. ही नुसती आठवण आहे. हिला काही वेळ दिलीय का बाईंनी?"

सहाचा गजर झाला. काकांनी तो हात लांब करून बंद केला, पण त्या दिवशी खुर्ची आत नेली नाही.