सत्काराला गेले, ठाण्यात पोहोचले

प्रिय ईरा आणि चिन्मय,

तुमची आजी नुकतीच परराज्यात जाऊन आली. सोलापुरातून सकाळी बसमध्ये बसलं की उमरग्यानंतर दुकानांच्या पाट्यांची लिपी बदलते, तरी शेजारची बाई मराठीतच विचारते, "कुनाकडं जायलाव, आजी?" दोन्ही बाजूंना काळी जमीन, तुरीची शेतं. मग धुळीत उभं असलेलं बसवकल्याण.

तिथल्या एका महिला मंडळानं मला भाषणाला बोलावलं होतं. धर्म किंवा जात बघून कुणाला मारलं, तर त्याला एकट्यानं पोलीस ठाण्यात जायची हिंमत होत नाही. अशा वेळी मंडळांनी, वाचनालयांनी, व्यापारी संघांनी त्याचं ऐकावं आणि तक्रार नोंदवायला सोबत जावं, हे मी पटवून द्यायचं होतं. अशा कामाला निवृत्त मुख्याध्यापिका बऱ्या पडतात. स्वतःच्या खर्चानं येतात.

जेवण अध्यक्ष शशिकलाबाईंकडे. एण्णेगायी (तेलात शिजवलेली भरली वांगी) आणि कडक भाकरी. मी विषय काढला.

"आमच्याकडं तसलं काही होतच न्हाई, मॅडम," त्या म्हणाल्या आणि आणखी एक वांगं वाढलं. मग आठवून म्हणाल्या, मागच्या महिन्यात तेवढी रझियाबीच्या शिलाईच्या दुकानात काही पोरं घुसली. 'तुमच्या लोकांनी आमच्या बायकांचे कपडे शिवायचे न्हाईत' म्हणत मशीन फोडली, तिचा हात मुरगाळला. "पण ते सोडलं तर काही न्हाई."

मंडळातल्या बायकांना फार हळहळ वाटली होती. त्यांची झंपरं अडकली होती.

सभागृहात पोहोचले, तर हाताला पट्टी बांधलेली रझियाबी व्यासपीठावर बसलेली. मागे फलक: 'सलोखा सत्कार'. तक्रार न करता मोठं मन दाखवल्याबद्दल मंडळ तिचा गौरव करणार होतं आणि शाल माझ्या हस्ते द्यायची होती. तक्रार करा, असं सांगायला आलेल्या पाहुणीकडून! शाल आणि नारळानं मिटत नाही असं भांडण आमच्या संस्थांना अजून भेटलेलं नाही.

मी शाल उलगडता उलगडता हळूच विचारलं, "तुम्हाला खरंच तक्रार करायची नाही?"

"मला कुनी इचारलंच न्हाई." माइक चालू होता, सगळ्यांना ऐकू गेलं. "शाल नक्को, मॅडम. ठान्यात माझ्यासंगं कोन येतंय, तेवढं सांगा. त्या पोरांची घरं माझ्याच गल्लीत हायेत. एकलीला भ्या वाटतंय."

शशिकलाबाईंनी फोटोवाल्याला थांबायची खूण केली.

मंडळाच्या खजिनदार नीलम्मा अक्का (थोरल्या बाईला इथे असंच म्हणतात) पहिल्या रांगेत होत्या. त्या उठल्या. "चल. मी येते."

"अक्का, कामून वाढवायलाव? मंडळाचं नाव येईल त्यात," शशिकलाबाई म्हणाल्या.

"मंडळाच्या नावानं सहली काढतो, हळदीकुंकू करतो. ठाणं तेवढं विटाळतंय व्हय? माझ्या लेकीच्या लग्नाचे समदे कपडे हिनं शिवलेत, शशिकला. तुझंबी झंपर हिचंच की!"

शेवटी बऱ्याच जणी निघालो. शशिकलाबाईही आल्या, अध्यक्षांविना मंडळ रस्त्यानं जाताना बरं दिसत नाही.

मंडळ आलंय म्हटल्यावर ठाण्यात खुर्च्या आल्या. शशिकलाबाईंनी सुरुवात केली, "साहेब, किरकोळ भांडण..."

"किरकोळ न्हाई," अक्का म्हणाल्या. "रझिया, मशीन फोडताना काय बोलले ते सांग. तेबी लिहा, साहेब. त्याच्यासाठीच फोडली त्यांनी."

रझियाबीनं सांगितलं. मध्येच शशिकलाबाईंनी पाण्याचा पेला पुढे केला. अधिकाऱ्यानं ते शब्द जसेच्या तसे उतरवून घेतले, वाचून दाखवले आणि तक्रारीची प्रत तिच्या हातात दिली.

माझं भाषण राहूनच गेलं. त्याचं दुःख कुणाला झालेलं दिसलं नाही.

परतीच्या बसमध्ये तुमची आठवण आली. तुमच्याकडे परदेशात म्हणे अशा तक्रारींसाठी वेगळी कार्यालयं असतात. इकडे तूर्त नीलम्मा अक्का आहेत. खटल्याचं काय होईल, मला माहीत नाही. रझियाबी अजून त्याच गल्लीत राहते. दुपारी मंडळातली कुणीतरी तिच्या दुकानात जाऊन बसते.

काल अक्कांचा फोन आला. "मॅडम, शेजारच्या मंठाळ गावाहून दोघी आल्यात. पोरास्नी मारलंय, जातीवरून. समदं ऐकून घेतलं."

"मग आता चपला घाला," मी म्हणाले.

"घातल्यात. शशिकला रिक्षा बघायलीय."

तुमची,
आजी