उतरलेला माल मिस्तरीचा

धुळ्यात पारोळा रोडवर कुणाला गिरधर मिस्तरीचं गॅरेज विचारलं, तर माणूस आधी तुमची गाडी बघायचा. नवी असली तर दुसरीकडे पाठवायचा, जुनी असली तर स्वतः पुढे चालत येऊन शटर दाखवायचा. असं नाव गिरधरने चाळीस वर्षांत कमावलं होतं, आणि त्याचा त्याला जरा जास्तच तोरा होता. गिऱ्हाइकाने मध्ये तोंड घातलं की पाना खाली ठेवून तो सरळ चहाला निघून जाई.

या नावाचा पाया म्हणजे जळगावच्या डाळ मिलवाल्या शेठजींची फियाट. मोठे शेठ हयात होते तेव्हा गाडी रुसली की गिरधर एसटीने जळगाव गाठायचा आणि जेवायला त्यांच्याच पंगतीला बसायचा. पहिल्याच कामाच्या वेळी मोठ्या शेठनी सांगून टाकलं होतं, "गिरधर, या गाडीचं जे उतरेल ते तुझं." पारोळा रोडवरच्या जुन्या मिस्तरींत तसा रिवाजच होता, उतरलेला माल मिस्तरीचा. शेठचा मुलगा सुभाषचंद तेव्हा बापाच्या शेजारीच उभा होता. पुढे कार्बोरेटर उतरला, रेडिएटर उतरला, सगळं गिरधरबरोबर धुळ्याला आलं आणि कुणी कधी ब्र काढला नाही.

मोठे शेठ गेले आणि गाडी मिलच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली पडून राहिली. मग सुभाषचंदचा मुलगा संयम याचं लग्न ठरलं. नवरी अमळनेरची. तिला आजोबांच्या फियाटमधूनच घरी आणायचं असं त्याने मनावर घेतलं. जुनं इंजिन धरणगावच्या पुढे नेईल याचा भरवसा नव्हता, म्हणून गाडी ओढून धुळ्याला गिरधरकडे आणायची आणि आत नवं बसवायचं ठरलं.

संयमला एखाद्या मोठ्या जीपचं डिझेल इंजिन हवं होतं. गिरधरचं म्हणणं, एवढा बोजा पुढे टाकला तर गाडी नाक घासत चालेल. दोघंही हट्टी, त्यामुळे वाद बरेच दिवस चालला. अखेर सोनगीरजवळ मागून ठोकलेली एक व्हॅन भंगारात आली, तिचं पेट्रोल इंजिन दोघांना पटलं. हलकं होतं, आणि फियाटसारखंच मागच्या चाकांना ताकद देणारं. त्याचं ऑइल चेंबर खालच्या पट्टीला अडत होतं, ते गिरधरने कापून पुन्हा वेल्ड केलं. इंजिन बसवायची माउंटिंग स्वतः घडवली, मागच्या चाकांकडे जाणारा प्रोपेलर शाफ्ट लेथवर आखूड करून आणला. वायरिंगपाशी मात्र त्याने हात टेकले. तिथे संयम लॅपटॉप घेऊन गॅरेजच्या फरशीवर मांडी घालून बसला आणि एकेक सेन्सर जुळवत गेला. आरटीओचे कागदही त्यानेच केले. पोरगं हुशार आहे, असं गिरधरने घरी बायकोला, भिकुबाईला, सांगितलं. नवऱ्याच्या तोंडून कुणाचं कौतुक ऐकायची तिला सवय नव्हती.

इंजिनाने पहिल्याच चावीला पकडलं, तेव्हा दोघांनी एकमेकांना टाळी दिली. जुनं इंजिन दारातच पडलं होतं. संयम म्हणाला, मिस्तरी, हे भंगार हलवा, पायात येतंय. गिरधरने ते हलवलं, म्हणजे आत नेलं, रॉकेलने धुतलं आणि लोखंडी घोडीवर चढवलं. विकायचं त्याच्या स्वप्नातही नव्हतं. त्या इंजिनावरच तो मिस्तरी झाला होता. विचारायचं मात्र त्याला सुचलं नाही. रिवाजाची परवानगी कोण मागतं? चूक म्हणाल तर एवढीच.

फियाट अमळनेरहून नवरीला घेऊन झोकात आली. जळगावच्या स्वागत समारंभाला गिरधर इस्त्रीचा सदरा घालून गेला. तिथे इंदूरचे एक पाहुणे होते, जुन्या गाड्यांचे शौकीन. त्यांनी बॉनेट उघडायला लावलं आणि विचारलं, मूळ नंबराचं इंजिन जपून ठेवलंय ना? त्याच्याशिवाय ही गाडी नुसता पत्रा आहे. संयमचा चेहरा पडला. त्याने गिरधरला बोलावून घेतलं. इंजिन माझ्याकडे आहे, असं गिरधरने सांगितलं, आणि मोठ्या शेठचा शब्दही सांगितला.

"आजोबा आता साक्ष द्यायला येणार आहेत का?" संयम म्हणाला. "न विचारता ठेवून घेतलंत. याला चोरीच म्हणतात, मिस्तरी."

हातात ताटं घेतलेली माणसं वळून बघू लागली. गिरधरने सुभाषचंदकडे पाहिलं. मोठ्या शेठचा शब्द ऐकलेला जगात आता तेवढा एकच माणूस उरला होता, आणि तो एक वाक्य बोलला असता तरी पुरे होतं. सुभाषचंदने मुलाकडे पाहिलं, व्याह्यांकडे पाहिलं आणि इंदूरच्या पाहुण्यांना विचारलं, "आइस्क्रीम घेतलंत का आपण?"

गिरधर न जेवता निघाला. सकाळी त्याने इंजिन टेम्पोत चढवून जळगावला पाठवून दिलं. पण बभ्रा टेम्पोच्या आधी पोचला होता. फैजपूरचं एक जुनं गिऱ्हाईक जीप न्यायला आलं, ते म्हणालं, उतरलेला माल तेवढा समोर मोजून द्या. गिरधरने खाली बसून बोल्टसुद्धा मोजून दिले. इतकी लाज त्याला आयुष्यात वाटली नव्हती.

महिन्याभराने सुभाषचंद एकटाच धुळ्याला आला. गाडी लांब उभी करून, चालत. स्टुलावर बसून, आवाज खाली आणून म्हणाला, "बाबांचा शब्द मला आठवतो, गिरधर. तू खरा होतास. पण पोराच्या लग्नात, व्याह्यांसमोर मी काय बोलणार?"

गिरधरने हात पुसले, आणि त्याच्या तोंडून घरची अहिराणी बाहेर पडली.

"शेठ, बठ्ठा लोकंस्मोर माले चोर म्हनं. आते एकलाना कानमा सांगीसनी काय उपेग?"

चोर हा शब्द सगळ्यांसमोर पडला होता, एकट्याच्या कानात सांगून तो फिटणार नव्हता. तेवढ्यात शेजारचा पंक्चरवाला लोटन जॅक मागायला आत आला. गिरधरने त्याला दारातच थांबवलं.

"लोटन, थांब जरा. शेठ काय सांगी ऱ्हायनात ते आयक."

लोटन थांबला. सुभाषचंद उठला आणि त्याने खिशातली किल्ली काढली.

"काही नाही," तो म्हणाला, "फियाटचं ऑइल कधी बदलायचं, तेवढं विचारायला आलो होतो."