‘पास्ड आउट’ म्हणजे नक्की काय?

आज सकाळी नात मला तिचा नोकरीचा अर्ज वाचून दाखवत होती. कॉलेज पूर्ण केलं, हे तिने ‘पास्ड आउट’ असं लिहिलं होतं. तिचा मामा म्हणाला, “हे चूक आहे. याचा अर्थ बेशुद्ध पडले.” ती गोंधळली आणि मीही.

कारण याच दोन शब्दांनी साठ सालाच्या आसपास पनवेलच्या आमच्या घरात रडारड झाली होती. माझी मोठी बहीण उषाताई पुण्याला नर्सिंग शिकत होती. एका दुपारी तार आली, ‘उषा पास्ड आउट’.

शेजारचे मास्तर म्हणाले, “पोरगी पास झाली, पेढे आणा.” तेवढ्यात हमीदचाचा आले. त्यांनी गोऱ्या साहेबांच्या बोटीवर नोकरी केलेली. तार वाचून ते हळूच म्हणाले, “अण्णा, कुणी बेहोश झालं की साहेबलोक असं म्हणतात.”

आई रडू लागली. अण्णांनी, म्हणजे वडिलांनी, तडक पुण्याची एसटी पकडली.

ताई हॉस्टेलच्या दारातच भेटली. अण्णांनी आधी तिच्या कपाळाला हात लावला. “काय झालं होतं गं तुला?”

“काही नाही अण्णा, मी पास झाले. तारेत तेच लिहिलं होतं.”

अण्णा तिथेच पायरीवर बसून रडले, असं ताई सांगायची.

आता नातीने मोबाईलवर शोधलं, तर दोन्ही अर्थ निघाले. पण म्हणे शिक्षण पूर्ण होण्याचा अर्थ मुख्यतः लष्करातला. मग ताईच्या नर्सिंगला किंवा नातीच्या कॉलेजला चालतो का? अर्ज संध्याकाळी पाठवायचा आहे. तुम्ही काय लिहिलं असतं?